मेमरी डंपमधलं पत्र

"त्याचं बरोबर आहे हो," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं.

मी दचकून वळले.

आमची बस ऑटावाबाहेरच्या कनाटाच्या अलीकडे चाळीस मिनिटं एकाच जागी उभी होती. बाहेर गोठणारा पाऊस पडत होता. तो आभाळातून पाणी म्हणून निघतो आणि टेकतो तिथं काच होतो. रस्त्यावर काच, विजेच्या तारांवर काच, आमच्या खिडक्यांवरही बोटभर जाड काच. ड्रायव्हरनं बजावलं होतं, "बर्फ वितळवायला मिठाची गाडी येईपर्यंत कुणी उतरायचं नाही! माझ्या बसमधून उतरून कुणी कंबरडं मोडून घेतलेलं मला चालणार नाही." मग करणार काय? मी मांडीवर लॅपटॉप उघडला होता आणि पडद्यावरच्या एका पत्राला शिव्या घालत बसले होते. चांगल्या मोठ्यानं. समुद्रकाठच्या आमच्या कॅराकेट गावातल्या कोळ्यांच्या फ्रेंचमध्ये, कारण ऑटावात ती कुणाला कळत नाही.

"कुणाचं बरोबर आहे?" मी विचारलं.

"तुम्ही आत्ता ज्याचा उद्धार करताय, त्याचं. शब्द कळले नाहीत, पण शेवटच्या शिवीत मासा होता एवढं नक्की."

लाल लोकरीची टोपी, थंडीनं तितकेच लाल झालेले कान, आणि करडे डोळे... हसू दाबून धरलेले. वय तिशीच्या थोडं पुढे.

"दुसऱ्याच्या पडद्यात नाक खुपसू नये, हे कुणी शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं होतं. पण खिडकीतून काही दिसत नाही. तुमचा पडदा तेवढा दिसतो."

"मग नीट बघा! 'ही दुरुस्ती रोग बरा करत नाही, फक्त खोकला थांबवते.' असं लिहितं का कुणी? तीन आठवडे राबलेय मी! आणि हा फिनलंडमधला म्हातारा, पोटापर्यंत दाढी, सौनामध्ये घाम गाळत बसलाय आणि—"

"दाढी नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"आणि फिनलंडही नाही. इथलाच, थंडर बेचा. आजोबा होते फिनलंडचे." त्यानं हातमोजा काढून हात पुढे केला. "तावी कोस्केला. खोकल्याचं वाक्य माझंच. खरं सांगू? सुचलं तेव्हा मला फार आवडलं होतं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो हात हवेत तसाच राहिला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. टी. कोस्केला! ज्याच्या नावानं मी महिनाभर उशीवर बुक्क्या मारल्या होत्या, तो माणूस माझ्या मागच्या सीटवर बसून, कान लाल करून, माझ्याकडे बघून हसत होता.

मी काय काम करत होते ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. हल्ली एका मोठ्या संगणकाच्या पोटात दहा-वीस संगणक राहतात. नुसते सॉफ्टवेअरचे, हात लावायला काही नाही. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. असं एखादं मशीन कोसळलं, की त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे जे होतं ते सगळं एका फाइलीत उतरवून घेतात. तो मेमरी डंप. तो उघडून मशीन कशानं मेलं ते शोधणारं एक टूल आहे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. पण मोठ्या व्हर्च्युअल मशीनचा डंप दिला की ते बावचळायचं. अशा मेमरीत मध्येच एक भाग मोकळा सोडलेला असतो, आणि टूलला त्याचा पत्ताच नसायचा. माझ्या इमारतीत बाराव्या मजल्यानंतर एकदम चौदावा येतो. तेरा अशुभ म्हणून गाळलाय. नवा पोस्टमन नुसते मजले मोजत वर गेला, तर बाराच्या वरच्या सगळ्यांची पत्रं चुकीच्या दारात पडणार. टूलचं तेच व्हायचं. मोकळ्या जागेच्या वरचं सगळं त्याला केरकचरा दिसायचं. ते मी दुरुस्त करत होते.

अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर टाकायचा, हजारभर लोकांच्या देखत. मग टूलचा मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा, तो वाचतो, चुका काढतो आणि परत पाठवतो. त्याच्या होकाराशिवाय एक ओळ आत जात नाही. या टूलचे मेंटेनर दोन. एक योकोहामाचे हिराबायाशी-सान, जे वर्षाकाठी चार वाक्यं लिहितात. आणि दुसरे हे, लाल कानांचे.

"हात धरणार आहात की मी तो परत घेऊ?" तो म्हणाला. "गोठायला लागलाय."

मी हात धरला. थंडगार होता... आणि सोडायला मला जरा जास्तच वेळ लागला.

मिठाची गाडी यायला आणखी तासभर गेला. त्या तासात त्यानं मला त्याच्या पिशवीतला अर्धा मफिन दिला, आणि मी त्याला माशाच्या शिवीचा अर्थ सांगितला. तो एवढा मोठ्यानं हसला की ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

"एक नियम करू या," उतरताना तो म्हणाला. "लिस्टवरचं लिस्टवर. समोरासमोर पॅचचं नाव काढायचं नाही."

"समोरासमोर? म्हणजे आपण पुन्हा भेटणार आहोत?"

"गुरुवारी. शावर्मा आवडतो?"

"आणि नियम कशाला?"

"मी इथं गोड बोललो आणि तिथं पुन्हा खोकला काढला, तर तुम्ही मला बसखाली ढकलाल म्हणून."

मला तो नियम सोयीचाच वाटला. कारण एक गोष्ट मी त्याला सांगणार नव्हते. कंपनीतलं माझं काम सहा महिन्यांच्या करारावर होतं आणि करार तीस एप्रिलला संपत होता. आमच्या ग्लेंडाबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "पॅच तीसच्या आत मंजूर झाला तर तू कायम. नाही झाला तर मी वरच्यांपुढे काय तोंड दाखवू?" काम गेलं की परत कॅराकेट. खेकड्यांच्या कारखान्यात माणसं नेहमीच हवी असतात, आणि आई दर रविवारी फोनवर विचारायची, "पोरी, तुझी खोली झाडून ठेवू का?" हे सगळं तावीला सांगितलं असतं तर त्याला दया आली असती. दयेवर मंजूर झालेला पॅच मला नको होता. वादळ आलं तरी माझा बाप आपली होडी आपणच किनाऱ्याला लावायचा, दुसऱ्याचा दोर घ्यायचा नाही. त्याचीच मी लेक.

गुरुवार सुरू झाले. शावर्म्याच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल, भरपूर लसणाचा सॉस, आणि बोलायला जगातलं सगळं, फक्त एक सोडून. लिस्टवर मात्र तो तसाच होता. चौथी आवृत्ती परत आली, पाचवी परत आली. पण खोटं कशाला बोलू, दर वेळी त्यानं काढलेली चूक खरी असायची. शिव्या घालत मी ती दुरुस्त करायचे आणि पॅच आधीपेक्षा चांगला व्हायचा. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की सकाळी उठल्याबरोबर मी आधी त्याचं पत्र आलंय का ते बघते. चुका काढलेलं का होईना!

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो मला मेपलच्या गुऱ्हाळात घेऊन गेला. झाडांखाली अजून बर्फ होता. लाकडाचा धूर, उकळत्या रसाचा वास, आणि एक आजीबाई गरम पाक सरळ बर्फावर ओतत होत्या. तो काडीला गुंडाळायचा आणि तोंडात टाकायचा. दात चिकटतात, पण सोडवत नाही.

"तुमच्या हनुवटीला..." तो म्हणाला आणि थांबला.

"काय?"

"पाक लागलाय. पुसू?"

"विचारता काय? पुसा."

त्यानं हातमोजा काढला. बोट थंड होतं, मी मात्र कानापर्यंत तापले. पाक कधीच निघाला असावा, तरी त्याचं बोट तिथंच होतं...

"तू नेहमी एवढा हळू काम करतोस?" मी म्हणाले. 'तू' कधी तोंडातून निघून गेलं, मलाच कळलं नाही.

"महत्त्वाचं असेल तर," तो म्हणाला.

अकरा एप्रिलला मी सातवी आवृत्ती पाठवली. पाठवतानाच मला ठाऊक होतं, की हीच. आता यात काढायला काही उरलेलं नाही.

आणि मग तावीचं काहीतरी बिनसलं. आधी उत्तर आलं, की एका टिपणीतलं वाक्य अजून स्पष्ट हवं. मी केलं. मग म्हणे, दोन ओळींमध्ये मोकळी ओळ हवी. टाकली. मग कुठंतरी स्वल्पविराम. मी चक्रावले. हा खोकल्यावर बोलणारा माणूस स्वल्पविराम कधीपासून मोजायला लागला? गुरुवारी तो समोर बसून नुसता माझ्याकडे बघायचा, मी वर बघितलं की नजर खाली. मी विचारू शकत नव्हते, कारण नियम होता. तारीख मात्र रोज पुढे सरकत होती.

शेवटी त्यानं लिहिलं, "सोळा जीबीच्या मशीनच्या डंपवर चालवून दाखवावं." माझ्याकडे एवढं मोठं मशीन नव्हतं, आणि मी लिस्टवर तसं स्पष्ट लिहिलं. मागणी त्याचीच, त्यामुळे सोय करणंही त्याच्याच गळ्यात आलं. एकवीस तारखेच्या गुरुवारी त्यानं टेबलावरून एक छोटी डिस्क सरकवली.

"माझंच व्हर्च्युअल मशीन. परवा गोठलं. मी बाहेरून त्याचा डंप काढून घेतला," तो म्हणाला. "हे बोलणं नाही हं. नुसतं देणं आहे."

शुक्रवारी सकाळी दहाला, ऑफिसात, कॉफीचा पेला बाजूला ठेवून मी तो डंप उघडला. आधी जुन्या टूलनं. मोकळ्या जागेच्या वर नेहमीचाच केरकचरा. मग माझ्या पॅचसकट. मोकळ्या जागेच्या वरच्या मेमरीचं एक पान निवडलं आणि श्वास रोखून बसले. ते पान वाचता आलं, तर माझं सगळं बरोबर.

वाचता आलं.

"हेल्मी, तुला हसू येईल," पडद्यावर अक्षरं उमटली. "ओदीलचा पॅच आठवडाभरापूर्वीच तयार झालाय."

मी खुर्चीवरून उठले. परत बसले. हेल्मी म्हणजे थंडर बेची त्याची थोरली बहीण, एवढं मला ठाऊक होतं. आणि ओदील म्हणजे मी. इथंच डोळे मिटायला हवे होते. आमच्या धंद्यात शिकवतातच, की डंपमध्ये माणसाचं काही दिसलं तर मान फिरवायची. मी नाही फिरवली.

"एकही चूक नाही त्यात. मी तीनदा शोधली. पण मंजूर केला, की तिला मला लिहायचं कारणच उरणार नाही. मग गुरुवारी तरी ती कशाला येईल? म्हणून मी स्वल्पविरामांच्या चुका काढत बसलोय. हेल्मी, मला ती इतकी आवडते की मी माझं काम वाईट करायला लागलोय. असं मला कधीच—"

पुढे काही नव्हतं. इथंच त्याचं मशीन गोठलं होतं.

पॅच चालत होता! अक्षरन् अक्षर दिसत होतं! या टूलला जे आजवर कधी दिसलं नव्हतं ते दिसत होतं, आणि ते होतं हे! त्याला मी आवडते... आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट डोक्यात शिरली आणि मी सुन्न झाले. आठ दिवसांनी माझं काम जाणार होतं, आणि ते या माणसानं, मी आवडते म्हणून, घालवलं होतं.

मी त्याला निरोप पाठवला: आज बारा वाजता, नेहमीच्या टेबलावर.

तो आधीच येऊन बसला होता. मी डिस्क त्याच्यासमोर ठेवली.

"चालला?" त्यानं घाईनं विचारलं आणि जीभ चावली. "नाही, नियम..."

"चालला. मोकळ्या जागेच्या वरचं पान मला अक्षरन् अक्षर वाचता आलं."

"मग छानच की."

"हेल्मीला सांग, मला हसू आलं नाही."

शावर्मा त्याच्या हातात तोंडाजवळ तसाच राहिला. चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मलाच भीती वाटली.

"ते... ते त्यात कसं येईल?" तो पुटपुटला. "वापरणाऱ्याची पानं डंपमध्ये नसतात. गाळली जातात."

"मशीन मरताना स्वतःचा डंप स्वतः काढतं, तेव्हा गाळली जातात. तू बाहेरून काढलास. बाहेरून काढला की झाडून सगळं येतं. हे तूच मला तुझ्या पहिल्या पत्रात शिकवलं होतंस, तावी!"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"तू वाचायला नको होतंस," तो बोटांच्या आडून म्हणाला.

"नको होतं. पहिली ओळ चुकून वाचली. बाकीच्या मुद्दाम. ते माझं पाप, मी नाकारत नाही. आता तुझं ऐक. तीस तारखेला माझा करार संपतोय. पॅच मंजूर नसेल तर मी कॅराकेटला खेकडे भरायला परत. आणि तू अकरा दिवस स्वल्पविराम मोजत होतास!"

त्यानं हात खाली घेतले. असा हादरलेला चेहरा मी कुणाचा बघितला नव्हता.

"तीस... याच महिन्याची?"

"याच."

"मला का नाही सांगितलंस?"

"नियम कुणाचा होता?"

त्यानं एकदम पिशवीतून लॅपटॉप ओढून काढला. "आत्ता करतो. या मिनिटाला मंजूर करतो."

"हात लावू नकोस!"

दुकानातले सगळे आमच्याकडे बघायला लागले. शावर्मा कापणाऱ्याची सुरीही थांबली.

"आत्ता केलास तर कशासाठी केलास म्हणायचं?" माझा आवाज चिरकला. "माझी दया आली म्हणून? तुला लाज वाटली म्हणून? माझा पॅच चांगला आहे म्हणून आत जाईल, नाहीतर बाहेर राहील!"

"मग मी करू तरी काय, ओदील?"

"मला नाही माहीत. टूल तुझं आहे." मी कोट घातला. बटण चुकीच्या काजात गेलं, तरी तसंच राहू दिलं. "आणि मलाही तू आवडतोस. हेच सगळ्यात वाईट झालंय."

आणि मी निघून आले. शनिवार-रविवार मी रडले आणि बॅग भरली. आईला म्हणाले, "झाडून ठेव खोली." तिनं काही विचारलं नाही, त्यामुळे मी आणखी रडले.

सोमवारी सकाळी ग्लेंडाबाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर, तोंड उघडं.

"ओदील... लिस्ट बघितलीस?"

मी बघितली.

"सातवी आवृत्ती अकरा एप्रिललाच पूर्ण होती," तावीनं लिहिलं होतं, हजारभर लोकांच्या देखत. "त्यानंतर मी मागितलेले सगळे बदल निरर्थक होते. दिरंगाई लेखिकेची नाही, माझी आहे. कारण असं, की लेखिका मला आवडते, आणि पॅच मंजूर झाल्यावर ती मला लिहायची थांबेल अशी मला भीती वाटत होती. अशा माणसानं मेंटेनर राहू नये. मी आजपासून ही जबाबदारी सोडतो. या पॅचचा निर्णय हिराबायाशी-साननी स्वतःच्या डंपवर तपासून घ्यावा. माझ्या शब्दावर घेऊ नये. — टी. कोस्केला."

मी ते चार वेळा वाचलं. नऊ वर्षं! नऊ वर्षं त्यानं ते टूल लेकरासारखं सांभाळलं होतं. ऑफिसात प्रत्येकाच्या पडद्यावर तेच पत्र होतं आणि प्रत्येकजण मला दिसू न देता माझ्याकडे बघत होता.

त्यानं एवढं केल्यावर मी गप्प बसणं बरं दिसलं नसतं. दुपारी मीही लिहिलं, की तपासताना मला डंपमध्ये एक खाजगी पत्र दिसलं, मी ते वाचलं आणि मला त्याची लाज वाटते. म्हणून आठव्या आवृत्तीत एक गोष्ट वाढवली आहे. बाहेरून काढलेला डंप उघडला, की टूल आधी बजावेल, यात वापरणाऱ्याचं सगळं काही असू शकतं, दुसऱ्याच्या हाती देण्याआधी विचार करा. पाठवलं आणि डोकं टेबलावर ठेवलं.

मंगळवारी सकाळी योकोहामाहून उत्तर आलं.

"सहा डंपवर तपासलं. त्यातले चार आजवर कुणालाही उघडता आले नव्हते. सहाही उघडले. आठवी आवृत्ती मंजूर. कोस्केला-सान यांचा राजीनामाही मंजूर. त्यांचे नऊ वर्षांचे आभार. त्यांच्या पत्रातल्या उरलेल्या मुद्द्याचं परीक्षण मी करू शकत नाही. ते लेखिकेनं करावं."

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळं ऑफिस टेबलं बडवायला लागलं. ग्लेंडाबाईंनी नव्या कराराचे कागद माझ्यासमोर ठेवले.

"मला फक्त 'मंजूर' एवढा शब्द लागत होता," त्या म्हणाल्या. "बाकीचं मी वाचलेलं नाही." मग जाता जाता वळल्या. "म्हणजे, तीनदाच वाचलं."

मी सही केली आणि मनाशी ठरवलं: त्यानं मला अकरा दिवस टांगून ठेवलं, मीही त्याला अकरा दिवस टांगणार. एक शब्द पाठवणार नाही. कळू दे जरा!

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी त्याच्या इमारतीच्या दारात उभी होते.

साधा पाऊस पडत होता, मऊ, कोमट, रस्त्यांच्या कडेचा शेवटचा काळा बर्फ धुऊन नेणारा. शेजारच्या बाईंनी सांगितलं, तावी खाली कपडे धुवायच्या खोलीत आहे. तो तिथं एकटाच होता, बाह्या वर सारून, हातात एक मोजा घेऊन त्याचा जोडीदार शोधत. मला बघून तो जागच्या जागी थिजला.

"हिराबायाशी-साननी मला एक परीक्षण सोपवलंय," मी म्हणाले.

"...वाचलं मी."

"मला अजून राग आहे."

"असू दे. रास्त आहे."

"नऊ वर्षांचं काम असं सोडून दिलंस... वाईट वाटतं का रे?"

"फार," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर मी तिथूनच परत फिरले असते. "सकाळी उठतो, आणि कुणाचंच काही वाचायचं नसतं. पण दुसरं काही केलं असतं तर तुझ्यासमोर उभा राहू शकलो नसतो."

कपडे वाळवायचं यंत्र घुमत होतं. खोलीत साबणाचा गरम वास होता. माझ्या केसांतून पाणी गळत होतं.

"माझं काम राहिलं," मी म्हणाले. "कायमचं. पण आता माझा एकही पॅच तुझ्या हातून जाणार नाही."

"नाही जाणार."

"म्हणजे तुला लिहायला, तुला भेटायला मला आता कसलंच कारण उरलेलं नाही."

त्याच्या तोंडावरून काहीतरी झरकन गेलं. याच एका गोष्टीला भिऊन त्यानं तो सगळा घोळ घातला होता, आणि तीच मी त्याला तोंडावर ऐकवत होते.

"नाही," तो अगदी हळू म्हणाला. "काहीच कारण नाही."

"बरं."

मी ओला कोट काढला, बाजूला टाकला, आणि घुमणाऱ्या यंत्रावर चढून बसले. ते छान गरम होतं.

"मग सांग," मी म्हणाले. "आज दिवसभर काय काय केलंस?"

त्याला कळेना. मोजा हातात धरून तो बघतच राहिला. "मी? काही नाही... कपडे. तू कशासाठी विचारतेयस?"

"उगीच," मी म्हणाले.

मोजा त्याच्या हातातून गळून पडला, आणि या खेपेला त्यानं हळू काम केलं नाही.